परतवाड्याच्या स्टँडवर आलेला निरोप

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आज हे लिहितानाही तो बसलेला नाही. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली, तेव्हा माझ्या थोरल्या भावानं कोनाड्यातले देव नदीत नेऊन सोडले आणि मला म्हणाला, "आता भूत नाई अन् अंगात येणंही नाई. समजलं?" मी मॅट्रिकच्या वर्गात होते. समजलं म्हणाले. म्हणून या सदरातले अनुभव मी नुसते वाचत आले... माझा लिहायला इतकी वर्षं लागली, कारण तो त्याच भावाचा आहे.

त्याला सगळी वस्ती भाऊ म्हणे. अकोल्याला एका जिनिंगमध्ये तो कारकून होता. कापसाच्या वेचण्या संपल्या की दर वर्षी तो एस.टी.ची एक गाडी रिझर्व्ह करी आणि वस्तीतल्या चाळीसेक माणसांना तीन दिवस फिरवून आणी – अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा, वर चिखलदरा, आणि येताना अमरावती. मजुरीशिवाय गाव सोडणं ज्यांना माहीत नाही अशी ही माणसं. पहिल्या वर्षी मीही गेले होते. गाडी सुटली तरी एक बाई विचारत होती, तिथं काम कशाचं आहे म्हणून. भाऊ ड्रायव्हरमागच्या दांडीला पाठ टेकून, लोकांकडं तोंड करून सगळा रस्ता उभा. कोण गप्प बसलंय ते त्याला चटकन दिसे. तिथं जाई, काहीतरी बोले, जागा बदलून देई. लोक त्या तीन दिवसांवर वर्ष काढत. पुढच्या वर्षांपासून आई एकटी नको म्हणून मी घरी थांबू लागले.

दीक्षेनंतर सहाव्या पावसाळ्यात तो तापानं गेला. आठ दिवसांत.

फाल्गुन जवळ आला तशी माणसं आमच्या दाराकडं बघत जाऊ लागली. विचारत कुणी नव्हतं. मीच सांगितलं, यंदाही गाडी निघेल, मी नेईन. तो गेला तो गेला, त्याची गाडी तरी राहू दे, एवढंच मनात होतं. भाऊ गेल्यापासून आई भिंतीकडं तोंड करून बसे, दिवसाकाठी अर्धी भाकर खाई. शेजाऱ्यांना तिच्याकडं बघायला सांगून मी निघाले.

मी शाळेत शिकवत होते, तेव्हा तयारी शाळेसारखीच केली. कोण कुठं बसेल त्याची यादी, कुठं किती वेळ थांबायचं त्याचं वेळापत्रक. गाविलगडाचा इतिहास वहीत उतरवून घेतला होता, तो अकोट सोडल्यावर वाचून दाखवला. अर्धी गाडी झोपली. अंजनगावच्या अलीकडं दोन बायका खिडकीवरून भांडल्या. रेल्वेत गँगमन असलेला नामदेव मागून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊच्या गाडीत बसल्या जागी हासू ये. ही त परीक्षा होऊन राहिली. नापास झालो त परत पाठवसान का, बाई?" लोक हसले, पण त्या हसण्यात गोडी नव्हती.

परतवाड्याला एका शाळेच्या ओसरीवर मुक्काम होता. दिवेलागणीला गयामाय, गाडीतली सगळ्यांत वयस्कर बाई, माझ्याजवळ येऊन बसली.

"निरोप उद्या किती वाजता येते वं पोरी?"

"कसला निरोप?"

तिनं सांगितलं ते मला त्याच घरात राहून ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वर्षापासून भाऊ निघायच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक घरी जाऊन विचारी, मागं कशाचा घोर ठेवून निघताय? कुणाची बकरी व्यायला झालेली असे, कुणाचा म्हातारा बाप दुसऱ्याच्या हातचं खात नसे. गाडी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अकोल्यात कुणीतरी घरोघर फिरून खबर घेई आणि परतवाड्याच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरला सांगे. तो दहाच्या सुमारास स्टँडवर भाऊला सांगे, आणि भाऊ ज्याचा निरोप त्याच्या कानात. मगच गाडी घाट चढे.

आणि मी एकालाही विचारलं नव्हतं.

यंदा निरोप येणार नाही, असं मी सांगून टाकलं. ती उठून गेली. सकाळी पाहते तर निम्म्या लोकांनी गाठोडी बांधलेली. नामदेव आला. आज त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

"राग मानू नका, बाई. बुढा माह्याच हातानं खाते. वर डोंगरावर जाऊन मले काय दिसन? घोरच दिसन."

गाडी इथून वळली तर पुन्हा कधी अकोल्याबाहेर पडणार नाही, हे मला कळत होतं. पण त्यांना जबरदस्तीनं कुठं नेणार...

पावणेदहाला आम्ही स्टँडवर आलो. लोक गाडीत बसले. मी कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन विचारलं, अकोल्याची पहिली गाडी आली का? म्हटलं, कंडक्टरच्या हातापाया पडू, निदान उद्या तरी निरोप आण म्हणून सांगू. कंट्रोलर म्हणाला, ती अंजनगावच्या पलीकडंच बंद पडलीय, दुपारशिवाय येत नाही. मग आमची गाडी अकोल्याला परत न्यायचा अर्ज मी तिथं उभ्याउभ्याच लिहायला घेतला. अर्धा तास गेला असेल.

अर्ज त्याच्या हातात देणार, तोच मागं हसण्याचा आवाज आला. आमच्या गाडीतून येत होता.

जाऊन पाहते तर गाठोडी सुटलेली, जागांची अदलाबदल झालेली. कालच्या भांडणाऱ्या दोघी एका बाकावर. गयामाय ओरडलीच, "बकरी व्याली वं! दोन पिल्लं!" नामदेव ज्याला त्याला सांगत होता, बुढ्यानं शेजारणीच्या हातची दूध-भाकर खाल्ली. प्रत्येकाला आपापल्या घरचं काही ना काही कळलं होतं. खाकी कपड्यांतला एक माणूस उन्हाच्या बाजूनं खिडक्या-खिडक्यांशी येऊन सांगून गेला म्हणे. चेहरा नीट कुणी पाहिला नाही, ऊन डोळ्यांवर होतं.

गयामायनं माझा हात धरला. "तूच धाडला न त्याले?"

सगळी गाडी माझ्याकडं बघत होती. मी 'हो' म्हणाले.

गाडी घाट चढली. चिखलदऱ्याला पंचबोलच्या टोकावरून नामदेवानं दरीत आपल्या रेल्वेतल्या साहेबाला शिवी दिली, आणि दरीनं ती पुन्हा पुन्हा परत दिली. लोक हसून हसून खाली बसले. अमरावतीपर्यंत मी ड्रायव्हरमागं लोकांकडं तोंड करून उभी राहिले. वही बाहेर काढली नाही.

अकोल्याला आल्यावर मी घरोघर गेले. निरोप एकूण एक खरे होते. पण त्या सकाळी चौकशीला कुणाच्याही घरी कुणी आलं नव्हतं. दर वर्षी फिरणारा जिनिंगमधला हमाल होता, तो त्या साली गाव सोडून गेलेला. गयामायच्या सुनेनं सांगितलं, बकरी व्याली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं, नऊ वाजले असतील. परतवाड्याला आम्हाला कळलं ते दहाच्या सुमारास. तेव्हा एस.टी.ला त्या रस्त्यानं चार तास लागत, आणि वस्तीत फोन नव्हता. शिकलेल्या माणसांना मी हे सांगितलंय. कुणी म्हणालं लोकांना भास झाला, कुणी म्हणालं दुसऱ्या गाडीचा कंडक्टर असेल. असेल. पण त्याला दोन पिल्लं कशी ठाऊक?

माझी आई मी सोडून गेले तशीच बसलेली होती.

माझ्यासाठी काही निरोप होता का, हे मी कुणाला विचारलं नाही. मीच त्याला धाडलं म्हणाले होते, आता विचारणार कशी? गाडी पुढंही दर वर्षी निघाली. मी घरोघर जाऊन घोर विचारू लागले, कंडक्टरशी आधी बोलून ठेवू लागले. तो खाकीतला माणूस पुन्हा आला नाही. तिसऱ्या वर्षी गयामायच्या उंबऱ्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले असताना राहवलं नाही... मी कुणालाच धाडलं नव्हतं, हे तिला सांगून टाकलं.

तिचे हात थांबले.

"तो पहिले तुलेच पुसत होता, पोरी. बाई कुठी हाय म्हणे. आमी म्हणलं, हापिसात गेली, गाडी वापस न्याचा कागद कराले. मंग आमाले सांगतलं, अन् मांगच्या दाराशी उभा राहिला तुही वाट पाहत. लय वेळ."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तूच धाडला म्हणली न वं. तुले काय सांगाव?"

कंट्रोलरची ती खिडकी गाडीपासून चाळीस पावलांवरही नव्हती. मी पाठ करून अर्ज लिहीत होते. तो कोण होता, याचं उत्तर माझ्यापाशी आजही नाही, आणि भाऊनं शिकवलेलं सोडून मी वेगळं काही मानायलाही तयार नाही. पण तो जर भाऊच असेल, तर चाळीस पावलं चालून येऊन मला हाक मारायला त्याला काय झालं होतं?