बस्त्यावकाकांची राजेळी

ज्या सोमवारी आमच्या कंपनीने फॉक्सप्रो ही संगणकाची जुनी भाषा सोडून व्हिज्युअल बेसिक ही नवी घ्यायचे ठरवले, त्या सोमवारी बस्त्यावकाकांनी स्वतःच्या विरुद्ध मत दिले.

सातिवलीच्या एका गाळ्यात आम्ही कारखान्यांसाठी मालसाठ्याचे प्रोग्रॅम लिहीत असू. काकांना फॉक्सप्रो तोंडपाठ होते. नवी भाषा आली, तर पन्नाशीत त्यांना पहिल्यापासून गिरवावे लागणार होते. ते सांडोरहून सायकलने येत, कॅरिअरला वाडीतली केळी बांधून. "आधी खा, मग चुका काढ," असे म्हणून माझ्या टेबलावर दोन ठेवीत.

मला नवी भाषा हवी होती. कसोटी काकांनीच सुचवली. एकच छोटा प्रोग्रॅम दोघांनी आपापल्या भाषेत लिहायचा, मग अदलाबदल करून त्यात फुटक्या मालाची नोंद वाढवायची. लिहिणाऱ्याने तोवर चहाच्या टपरीवर बसायचे. "तो शेजारी असला की तोंड गप्प बसत नाही," काका म्हणाले.

आधी माझी पाळी. मला फॉक्सप्रो येत होते, तरी दुपारपर्यंत अडकलो. काकांनी आकड्यांना वेलची, बसराई, राजेळी अशी केळ्यांची नावे दिली होती. शेवटी टपरी गाठली.

"काका, राजेळी म्हणजे काय?"

"एकूण साठा. सगळ्यांत मोठं केळं नाही का ते!"

"पण हे कुणाला कळणार?"

ते मोठ्याने हसले. मग चहाचा ग्लास खाली ठेवला. "मला," म्हणाले.

माझा प्रोग्रॅम त्यांनी पुस्तक उघडे ठेवून दोन तासांत वाढवला. त्यात ओळीओळीशेजारी इंग्रजी अक्षरांत मराठी टिपा होत्या. ती सवय मला त्यांनीच लावली होती. स्वतः कधी पाळली नव्हती.

"शेठ, नवी घ्या," त्यांनी मालकांना सांगितले.

"अरे बस्त्याव, मग तुझं काय?"

"भाषा पुस्तकातून शिकता येते, शेठ. माझ्या डोक्यातलं कोण शिकणार?"

दुसऱ्या दिवशी ते कोरी वही घेऊन माझ्याशेजारी बसले. "मास्तर, छडी नाही ना आणली?" काही महिन्यांतच ते माझ्या चुका काढू लागले.

सांडोरच्या चर्चमागे त्यांना माती दिली, त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांनी नव्या भाषेत लिहिलेला एक प्रोग्रॅम एका कारखान्यात अजून चालतो. एकूण साठ्याचे नाव त्यातही राजेळीच आहे. शेजारी टीप आहे: राजेळी म्हणजे एकूण साठा.