नवऱ्यानं थापलेली भाकरी

आमच्या घरात भाकरी सासूबाई करायच्या. त्या गेल्या आणि घरातली भाकरीही गेली. माझं माहेर सोलापुरातल्याच विणकरांचं, घरात तेलुगू. आम्ही भात आणि पप्पू, म्हणजे घट्ट वरण, खाऊन वाढलेलो. नवरा मोहोळकडच्या शेतकरी घरातला, पण त्याच्या घरी मुलग्यांना चुलीजवळ कुणी फिरकू दिलं नव्हतं. त्यामुळं दोघांनीही सोपं ते धरलं. सकाळी चहाबरोबर खारी, डब्यात पोळी आणि बटाटा, संध्याकाळी कंटाळा आला की पाव.

नवरा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण जेवण झालं की हा त्या आवाजातही डुलक्या काढायचा. सुट्टीच्या दिवशी सोफा सोडायचा नाही. मग एकदा कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली आणि याची साखर वाढलेली निघाली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "अजून काठावर आहात. गोळी लगेच देत नाही. आधी ताट बदला. मैदा बंद. ज्वारी, कडधान्यं, पालेभाज्या, मूठभर शेंगदाणे. आणि रोज चाला. अहो, सोलापुरात राहून ज्वारी खात नाही म्हणजे काय?"

नवरा मान खाली घालून बसला. बाहेर आल्यावर बेकरीवरून जाताना त्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं, तेव्हा मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

थोडे दिवस मी विकतच्या कडक भाकऱ्या आणल्या. त्याला त्या आवडेनात. "गरम भाकरीची गोष्टच वेगळी," तो म्हणायचा.

"मग करणार कोण? मला तर येत नाही," मी म्हटलं.

एका रविवारी त्यानं बाह्या दुमडल्या. "मी शिकतो."

माझ्या हातातला चहा सांडता सांडता राहिला.

वरच्या मजल्यावर भाभी राहतात. त्यांच्याकडून रोज सकाळी भाकरी थापल्याचा आवाज खाली येतो. नवरा जिन्यात दोनदा घुटमळला आणि शेवटी मीच वर जाऊन सांगून आले. भाभी हसत खाली आल्या, आमच्या डब्यातलं पीठ चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाल्या, "भाईजान, हे कधीचं?"

"बरेच दिवस झाले असतील."

"मग भाकरी फाटणारच. याची विरी गेली, चिकटपणाच राहिला नाही. ताजं दळून आणा, मग बघू."

ताजं पीठ आलं. परात, कढत पाणी, तापलेला तवा, सगळी तयारी झाली. भाभी बाजूला स्टुलावर बसून सांगत होत्या. नवऱ्यानं गोळा मळला आणि दणादण हात मारायला सुरुवात केली.

"थापायचं, भाईजान! मारायचं नाही!" भाभी ओरडल्या.

पहिली भाकरी परातीलाच चिकटली. दुसरी उचलताना दुभंगली आणि अर्धी शेगडीवर पडली. तिसरी कशीबशी तव्यावर पोचली, तर वरून पाणी फिरवायचं राहिलं आणि ती पापडासारखी तडकली. भाभी डोळे पुसत हसत होत्या, मीही. नवऱ्याच्या भुवयांवर पीठ होतं. शेवटी ते सगळे तुकडे कुस्करून आम्ही दही आणि शेंगाचटणी घालून खाल्ले. तो काला इतका छान लागला की भाभींनीही वाटी पुढं केली.

त्यानं मात्र सोडलं नाही. रोज कारखान्यात जायच्या आधी परात घेऊन बसायचा. कडा फाटायच्या थांबल्या, भाकरी गोल व्हायला लागली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा टम्म फुगली, त्या दिवशी त्यानं मला अंघोळीतून हाका मारून बाहेर काढलं. मी येईपर्यंत ती खाली बसली होती. "खरंच फुगली होती गं," तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

त्याला बघून मलाही हुरूप आला. मटकीला मोड आणायला लागले, हुलग्याचं पिठलं शिकले, बाजारातून करडईची कोवळी भाजी आणायला लागले. माहेरी आम्ही डाळीत अंबाडी घालायचो, ती आंबट डाळ मी कित्येक वर्षांनी केली. त्यानं भाकरी चुरून त्यात कालवली, एक घास खाल्ला आणि म्हणाला, "हे लग्नानंतर लगेच का नाही केलंस?"

फरक हळूहळू कळत गेला. दुपारच्या डुलक्या थांबल्या. जेवण पोटात टिकायचं, त्यामुळं चारच्या चहाला खारीची आठवण येईना. संध्याकाळी आम्ही तलावाकाठी चालायला जायला लागलो. सुरुवातीला तो बाक शोधायचा, नंतर मलाच म्हणावं लागायचं, "अहो, जरा हळू." माझीही रोजची जळजळ कमी झाली, पोट साफ राहायला लागलं.

काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी नवा रिपोर्ट जुन्याशेजारी ठेवून बघितला. "साखर चांगलीच उतरली की! गोळी नको. हेच चालू ठेवा." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुमचं कौतुक."

"भाकरी मी करतो," नवरा घाईनं म्हणाला. त्या मोठ्यानं हसल्या आणि मला दिलेलं कौतुक काढून त्याला दिलं.

त्याच हिवाळ्यात माझ्या नणंदबाई गावाकडून आल्या, न कळवता, सकाळच्या गाडीनं. दार उघडंच होतं. त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि धाकट्या भावाला परातीपुढं बघून उंबऱ्यातच थांबल्या.

"आगं, ह्यो काय करतोय?" त्यांनी मला विचारलं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

नवरा मात्र मजेत होता. त्यांना बघून त्याची गावाकडची बोली परत आली. "बस की आक्का. गरम हाय तवर खा."

त्यांनी भाकरीचा पापुद्रा उचकटला, वाफ बघितली, घास घेतला. आम्ही दोघंही त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी दुसरीसाठी ताट पुढं सरकवलं. दुसरी भाकरी संपल्यावर म्हणाल्या, "चटणीला मीठ कमी हाय. भाकरीला नाव ठिवायला जागा न्हाय." मग पदरानं हात पुसून त्यांनी मोबाईल काढला आणि व्हिडिओ कॉलवर आपल्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, भावाचा पराक्रम दाखवला. "आवो, बगा! आन तुमाला पाण्याचा तांब्या बी हातात द्यावा लागतोय."

पलीकडून दाजी म्हणाले, "त्याला सांग, पोतंभर ज्वारी देतो, पर मला शिकवाया येऊ नकोस."

पुढच्याच रविवारी आम्ही ते पोतं आणायला गेलो. शेतात हुरडा भाजत होता. नणंदबाईंनी बांधावर परात मांडली होती, आणि दाजी विहिरीकडं काही काम निघाल्यासारखं करून भराभर चालत सुटले होते.