रनचा पाढा

रन हा शब्द मला क्रिकेटमुळं ठाऊक होता. दोन टोकांना दोन गडी, मधे पळायचं, झाला रन. एवढ्या एका अर्थावर माझी सत्तर वर्षं सुरळीत गेली. धाकट्या सुनेच्या वहीत त्याच शब्दाखाली बावीस ओळी बघितल्या तेव्हा मला वाटलं, पोरीला कुणीतरी शिक्षा केली असणार.

ती वही आमच्या घरात कशी आली ते आधी सांगतो. धाकट्याची सुपारी फुटली निरवांगीत, मुलीच्या घरी. देण्याघेण्याचं बोलणं मी होऊच दिलं नाही. सगळं ठरलं, टोप्या-उपरणी झाली, आणि मग मुलीचे वडील उभे राहिले. माणूस कमी बोलणारा. म्हणाले, मुलगी बारावीला एकट्या इंग्रजीत राहिलीय, तिला नर्सिंगला जायचंय, तेवढा विषय सोडवू द्या. सगळे पाव्हणे माझ्याकडं बघायला लागले. मी मांडी न हलवता सांगितलं, "पोरगी बारावी होणार. हा माझा शब्द."

चाळीस माणसांपुढं दिलेला शब्द. मी स्वतः चौथीतून शाळा सोडलेला. इंग्रजीतला ए मला अजून शिडीसारखा दिसतो. पण शब्द देताना मी इंग्रजीला विचारलं नव्हतं.

लग्न झालं. दिवाळीनंतर सून अभ्यासाला बसली. वही उघडून मुळूमुळू रडायला लागली, की एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे लक्षात ठेवायचे. मी म्हणालो, त्यात काय, पाठ करायचं. पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे मला आजही तोंडपाठ आहेत. मास्तरनं छडी घेऊन पाठ करून घेतले म्हणून राहिले. छडी मी घेतली नाही, पण बाकी सगळं तसंच केलं. सकाळी धारा काढताना ती म्हणायची आणि मी ऐकायचो. रन म्हणजे पळणं, रन म्हणजे वाहणं, रन म्हणजे निवडणुकीला उभं राहणं. मधे अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. मला त्यातलं खरंखोटं कळत नव्हतं, पण अडखळलेलं कळत होतं. माघ महिन्यापर्यंत ती बावीसच्या बावीस ओळी एका दमात म्हणायला लागली. मी गावात सांगून टाकलं की सून यंदा सुटली.

सून राहिली. चोवीस मार्क.

आमची म्हातारी म्हणाली, आता पुरं करा, सगळ्यांनाच शिकणं जमतं असं न्हाय. सुनेनं पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर टाकली. ते मला जास्त लागलं. व्याह्यांना तर मी तोंड दाखवेना झालो. लोणी भापकरला एका लग्नात ते मांडवात समोरून येताना दिसले, तर मी अक्षता टाकून न जेवता घरी आलो. घरी सांगितलं, पित्त झालंय.

चार दिवस मी पेपर काढणाऱ्यांना शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी गोठ्यात सुनेला म्हणालो, रन म्हणून दाखव. तिनं खाली बघत सगळ्या ओळी म्हटल्या. एक चूक नाही.

"मग पेपरात काय झालं?"

"एक उतारा होता आबा. एक बाई किराणा दुकान रन करती. ती काय करती, असं विचारलं होतं."

"अन् तू काय लिव्हलं?"

"ती दुकानातून पळती."

शेजारी धार काढणाऱ्या म्हातारीला हसू आवरंना. मी विचारलं, चालवणं म्हणून एक ओळ हाय की वहीत. तर सून म्हणाली, "ती नववी हाय. नववीपतुर जायला पहिल्या आठ म्हणाव्या लागत्यात. घड्याळ बघितलं, अन् पहिलीच लिहिली."

मी शेणाची पाटी खाली ठेवली. कारण माझंही तसंच आहे, हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मधूनच कुणी सतरा सत्ते किती विचारलं, तर मी सतरा एके सतरापासून ओठातल्या ओठात चढत जातो, आणि समोरच्याला वाटतं म्हातारा विचार करतोय. बाजारात वेळ असतो म्हणून निभावतं. पेपरात पोरीला वेळ नव्हता. आणि अडखळली की पहिल्यापासून म्हण, ही सवय तिला मीच लावली होती.

"चूक माझी हाय," मी म्हणालो. "तुजी न्हाय."

म्हातारीनं हातातलं काम सोडून माझ्याकडं बघितलं. पंचेचाळीस वर्षांत हे वाक्य तिनं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं, तर म्हणाली, "आता माळ्यावरनं पोतंबी तुमीच काढा."

फेरपरीक्षेला दोन महिने होते. मी सुनेला सांगितलं, वही बंद. दिवसभर जे दिसंल त्याला रन लाव आणि मला पटवून दे. मला पटलं न्हाय, तर तुला आलं न्हाय.

मी सहज पटणारा माणूस नव्हे. विहिरीवरची मोटार दाखवून ती म्हणाली, ही रन होतीय. मी म्हणालो, मोटार जागची हलत न्हाय, पळती कशी? म्हणाली, आतलं चाक पळतंय. मग दुकानात काय पळतंय? तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मालक पळतोय आबा. सकाळपास्नं." ते पटलं. सर्दीनं धाकट्याचं नाक रन झालं, पाट फुटून उसाचं पाणी रन झालं, नवीन साडीचा रंग धुण्यात रन होऊन माझं धोतर लाल झालं. डब्यातली साखर संपली की रन आऊट. निवडणुकीवर मात्र आमचं दोन दिवस भांडण चाललं. आमच्याकडं माणूस इलेक्शनला उभा राहतो, त्यांच्याकडं पळतो. पळणाऱ्याला मत कोण देणार, हे मला आजही पटलेलं नाही. मी तिला सांगितलं, हे तू तुझ्या जबाबदारीवर लिही.

पण त्या भांडणातून एक गोष्ट मला दिसली. आमचं दुकान चालतं, कारखाना चालतो, मोटार चालते, घर चालतं. तिकडं हे सगळं पळतं. मी हे बोललो तशी सून खुरपं टाकून उभीच राहिली. वहीतल्या निम्म्या ओळी तिथंच मिटल्या. आपल्या चालण्याचे किती अर्थ होतात, ते तिला कुणी पाठ करून घेतलं नव्हतं, तरी येतच होते.

एकदा भाकरी वाढता वाढता ती इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मी अर्थ विचारला. हट्टीपणा या घराण्यात पळतोय, म्हणजे रक्तातच हाय, असं खाली बघून तिनं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "हे तर मला इंग्रजीतच कळलं व्हतं."

परीक्षा बारामतीला होती. तीन तास मी केंद्राबाहेर लिंबाखाली बसून होतो. सून बाहेर आली. मी काही विचारणार नव्हतो. तीच म्हणाली, "आबा, रन आलाच न्हाय."

दोन महिने एका शब्दामागं घालवले, आणि तो शब्दच आला नाही. मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि चालायला लागलो. ती मागून सांगत आली, की दुसराच एक शब्द होता, टेक म्हणून, त्याचेही असेच ढीगभर अर्थ. "पण म्या पाढा म्हटला न्हाय. त्या शब्दाच्या आजूबाजूला कोणते शब्द बसल्यात ते बघितलं, अन् मनात तुमाला पटवून दिलं. तुमाला पटलं, मग लिहिलं."

निकाल लागला त्या दिवशी ती मोबाईल घेऊन गोठ्यात आली. शेहेचाळीस, म्हणाली. मी बरं म्हणालो. मग गव्हाणीच्या कडेला टेकलो. वासरू माझी बाही चाटत होतं, ते मी चाटू दिलं. दीड वर्ष छातीवर धोंडा होता, तो होता हे उतरल्यावर कळलं.

तिनं वडिलांना फोन लावला, पण मी फोन मागून घेतला. ही बातमी माझ्याच तोंडून जायला हवी होती.

"पाव्हणं, पोरगी बारावी झाली."

व्याही म्हणाले, "आबा, त्या दिवशी सगळ्यांपुढं बोलून म्या तुमाला अडकवलं. लय वेळा वाटलं, उगं बोललो. तुमी लग्नातनं न जेवता निघून गेला, तवा वाटलं आता पोरीला तरास व्हनार."

म्हणजे मी इकडं लाजेनं तोंड लपवत होतो, आणि तिकडं तो बाप घाबरून झोपत नव्हता.

"मला पित्त झालं व्हतं," मी म्हणालो. "आज जेवायला या."

दुपारच्या एसटीनं ते आले. जेवताना आम्ही उसाचं बोललो, पाण्याचं बोललो. लेकीनं तिसरी पोळी वाढली तेव्हा त्यांनी नको म्हटलं नाही.