जाळ्याला जास्तीचं शिसं

आवाज भरायच्या यंत्राचं लाल बटण दोनदा दाबावं लागतं. एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो. म्हणजे यंत्र नुसतं तयार आहे. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा लुकलुकायचा थांबून सलग जळतो आणि तेव्हा कुठे आवाज भरला जातो. सरांनी हे वर्गात सांगितलं होतं आणि मी मान हलवली होती.

मान हलवायची सवय मला पुण्यात लागली. मी नाकाडोंगरीपलीकडच्या गावातली, तळ्यात मासे धरणाऱ्याची पोरगी. आठवीत शाळा सुटली. ॲनिमेशनच्या वर्गातले बाकीचे सगळे बारावीच्या पुढचे. सरांनी मार्कशीट न मागता, नुसती चित्रांची वही पाहून मला घेतलं. त्या उपकारापायी ‘सर, समजलं नाही’ म्हणायला तोंड उघडायचं नाही. हिला घेऊन चूक केली, असं त्यांना वाटलं तर?

चित्रं मात्र जमायची. दीड मिनिटाची फिल्म करायची होती, तर मी बाबालाच घेतलं, तळ्यात जाळं फेकताना. एका सेकंदाला बारा चित्रं. खांदा कधी मागे जातो, जाळं सुटल्यावर बोटं किती वेळ उघडी राहतात, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. सर खूश झाले. म्हणाले, “आता आवाजही तुझ्या गावचाच आण.”

दिवाळीच्या सुट्टीत मी वर्गाचं यंत्र घेऊन घरी गेले. सकाळीच बाबाला तळ्यावर नेलं.

“मासोळी काढाची का नाई?” बाबानं विचारलं.

“नाई. नुसता आवाज पायजे.”

“आवाज खाऊन पोट भरते का तुमच्या पुन्यात?”

असं म्हणत तो मांडीभर पाण्यात उतरला. पाणी गार होतं. जाळं फेकलं की रस्त्यावरून खाणीचा ट्रक जायचा, मग मी म्हणायची, “अजून एकदा.” कधी बगळे ओरडायचे, कधी पारावरची पोरं. बाबाला खोकल्याची जुनी सवय. मी सांगून ठेवलं होतं की खोकायचं नाही, तर उबळ आली की तो शेल्याचा बोळा तोंडात धरायचा आणि डोळ्यांत पाणी आणून थांबायचा. काठावर उभी असलेली माय म्हणाली, “काहून नाचवून राहिली व त्याले?”

बाबानंच तिला हातानं गप्प केलं. “बोलू नोको. तुहा आवाज जाईन त्याच्यात.”

विसेक वेळा तरी त्यानं जाळं फेकलं असेल. हेडफोनमध्ये सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, म्हणून मला शंकाच आली नाही. यंत्रावरचा लाल दिवा सारखा लुकलुकत होता. मला वाटलं, चालू आहे.

पुण्याला येऊन पाहिलं तर कार्डात काहीच नव्हतं. भरल्यावर तिथंच एकदा वाजवून पाहायचं असतं, तेही मान हलवलेल्या गोष्टींतच राहून गेलं होतं.

दोन दिवसांत फिल्म द्यायची होती. मी वर्गाच्या ध्वनिखोलीत टबभर पाणी घेतलं, होस्टेलची चादर भिजवून त्यात आपटली आणि मागोमाग, जाळ्याच्या कडेला वजनाला बांधलेल्या शिशाच्या आवाजासाठी, मूठभर बारीक गिट्टी टाकली. दणदणीत आवाज आला. असे बनवलेले आवाज फिल्ममध्ये चालतात, सरांनीच शिकवलं होतं. त्यात गुन्हा नव्हता. पण फिल्म पाहून सर म्हणाले, “गावचा आवाज आहे, लगेच कळतं.” तेव्हाही मी मान हलवली.

फिल्म मोबाइलवर घरी पाठवली. बाबानं ती अर्ध्या गावाला दाखवली. “जाळं माहंच हाये, आवाज बी माहाच,” म्हणायचा. मला फोनवर ऐकवायचा आणि मी हसायची.

माघात मायचा फोन आला. बाबाचा खांदा धरला होता; ती रोज शेकून देत होती.

“कायच्यानं झालं?”

“जाळ्याले आनखी शिसं बांधलं ना त्यानं. म्हनते, माहा हात गेला. पोरीच्या पिच्चरमंधी कसा दणका येते, अन् आता फेकलं तं नुसतं छप होते. मी म्हनलं, पयलेबी छपच होये. आयकत नाई.”

मी फोन ठेवून जिन्यात बसले. तीस वर्षांचा हात होता तो. मी एका चादरीनं त्याला खोटं पाडलं होतं.

दुपारी धीर करून बाबाला फोन लावला.

“बाबा, तो आवाज तुह्या जाळ्याचा नोहे.”

“मंग कोनाच्या जाळ्याचा?”

“जाळ्याचाच नोहे. ओली चादर टबात आपटली होती मी.”

“अन् त्या दिवशी मी फेकलं ते?”

“ते भरलंच नाई. बटन दाबाले चुकली मी.”

त्यानं विचारलं, “चादर कोनाची होती?”

“होस्टेलची.”

“हं,” म्हणाला आणि फोन मायकडे दिला.

सरांना मी अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मायला विचारलं, बाबा काय करतो. “बसला हाये आंगनात. आनखी बांधलेलं शिसं कापून काढून राहिला.”





“फोन तिथंच ठेव थोडा वेळ.”

तिनं ठेवला असावा. शिशाचे तुकडे एकेक करून थाळीत पडताना ऐकू येत होते. यंत्र माझ्यासमोर टेबलावरच होतं. मी त्याला हात लावला नाही. मधूनमधून बाबा खोकायचा, पोटभर, आणि त्याला कुणी थांबवत नव्हतं.