अमावास्येचं पाखरू

शंकरआप्पा पंचांग बघायचे ते फक्त रेकॉर्डसाठी. वडगावच्या आमच्या गल्लीत अमावास्येला यंत्रमाग बंद असतात. बाकीचे विणकर त्या दिवशी पूजा आटोपून झोपा काढायचे. आप्पा मात्र मागांच्या खोलीतच खुर्ची टाकून ब्राझीलच्या एका संगीतकाराची वाद्यवृंदाची रचना रेकॉर्डवर ऐकत बसायचे. एरवी ऐकणार कधी? माग थांबायचे ते वीज गेल्यावर, आणि वीज गेली की रेकॉर्डही गप्प.

मी कंग्राळीची. लग्न होऊन त्यांच्या शेजारी आले, तेव्हा भिंतीपलीकडचा तो दणदणाट ऐकून माझ्या छातीत धडकीच भरली. त्यात अमावास्या. तणतणत जाब विचारायला गेले, तर आप्पांनी दुसरी खुर्ची पुढे सरकवली.

"बस गं पोरी. भांडान नंतर कर. आत्ता पाखरू येतंय."

आप्पांचा धाकटा भाऊ गोव्यातून जहाजावर नोकरीला गेला होता, त्यानं ती रेकॉर्ड आणलेली. संगीतकाराचं नाव आप्पांच्या जिभेवर कधी बसलं नाही. 'आमचा ब्राझीलवाला' एवढंच म्हणायचे. आधी खालच्या पट्टीतली तंतुवाद्यं घुमायची, मग कर्ण्यांची गर्दी व्हायची, आणि अचानक सगळं थांबून एकटी बासरी पाखरासारखी बोलायची. तेवढ्यासाठी महिनाभर वाट बघायची.

"जांबोटीच्या रानात पाऊस थांबला की आसंच आसतंय बघ," आप्पा म्हणायचे. "सगळी गप, आन् योकच बोलतंय."

पुढे मोबाईल आला आणि मी त्यांना त्याच संगीताची दुसऱ्या वाद्यवृंदांनी वाजवलेली ध्वनिमुद्रणं शोधून देऊ लागले. आप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. "ह्यातलं पाखरू लई घाईत हाय. आपल्यातलं दमानं बोलतंय." मी चिडवायचे, की आप्पा, तुम्हाला बाहेरची सून पसंत पडायची नाही. ते हसायचे, पण निकाल बदलायचे नाहीत.

गेल्या वर्षी एक नवं ध्वनिमुद्रण लावलं. ऐकून आप्पा म्हणाले, "ह्यांच्यात पावा वाजिवणाराच न्हाय."

"आहे की. आत्ताच वाजला."

"न्हाय गं. फशिवत्यात."

मलाही हट्ट चढला. म्हटलं, चला, आपलीच रेकॉर्ड लावू. सुई ठेवली. तंतुवाद्यं घुमली, कर्णे झाले, सगळं थांबलं. पाखरू बोललं, अगदी दमानं बोललं. आप्पा रेकॉर्डकडे टक लावून बसले होते.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "आलतं?"

मी मान हलवली. त्यांनी सुई उचलून पुन्हा मागे ठेवली, आणि तिसऱ्यांदा ठेवायला मात्र गेले नाहीत. "मागानं पोट भरलं, आन् कान न्हेलं," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. जन्मभराच्या खडखडाटानं बारीक, उंच आवाज आधी जातात. कानाचं यंत्र घेतलं, पण त्यातून सगळं भांडी पडल्यासारखं ऐकू येतं म्हणून आप्पांनी ते काढून ठेवलं.

मग अमावास्येला मी खुर्ची त्यांच्या खुर्चीला चिकटवून बसू लागले. पाखरू आलं की त्यांचा हात दाबायचा, गेलं की सोडायचा, असं ठरलं. तेवढा वेळ आप्पा श्वास रोखून बसायचे. मला फार वाईट वाटायचं, पण उठवत नसे.

शेवटच्या अमावास्येला ते खाटेवरच होते. ताप उतरत नव्हता. मी रेकॉर्ड प्लेअर उशाशी आणला. कर्णे संपले, आणि नेमकी तिथंच सुई अडखळली. वाजवून वाजवून खोल झालेल्या चऱ्यावरून घसरून ती थेट पुढच्या ढोलांवर गेली. पाखरू आलंच नाही.

मी त्यांचा हात दाबला, आणि नेहमीइतका वेळ धरून ठेवला.

"दमानं बोललं?"

"व्हय आप्पा. दमानं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. त्याच आठवड्यात ते गेले. त्यांच्या मुलानं माग भंगारात घातले. गल्लीचा तो कोपरा आता रोजच शांत असतो. रेकॉर्ड माझ्याकडे आहे, पण त्यात पाखरू नाही. मोबाईलवर हवी तेवढी ध्वनिमुद्रणं मिळतात. ऐकते मी. पाखरू स्पष्ट येतं, पण सगळ्यांत लई घाईत असतं.