निळ्या बुचाची बाटली

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नको. भूत, करणी, बाहेरची बाधा यातलं काही मी मानत नाही. आमच्या घरात ते चालायचंच नाही. बाबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक त्यांनी स्वतः घोडनदीत सोडले. त्यानंतर कुणी अंगारा घेऊन दारात आलं, तर बाबा त्याला चहा पाजायचे, समजूत घालायचे आणि परत पाठवायचे. अशा घरात वाढलेली बाई मी. तरी हे लिहायला बसलेय... कारण इतकी वर्षं डोक्यात घोळवूनही याची संगती लागत नाही. तुमच्यापैकी कुणाला लागली तर मला हवीच आहे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, शिरूरची. दुष्काळ सरून एखाद-दोन वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक पास होऊन घरात बसले होते आणि एका खाजगी डॉक्टरांना दवाखान्यात लिहिता-वाचता येणारी मुलगी हवी होती. डॉक्टर पुण्यात शिकलेले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सुशीलाबाई, आजपासून तुम्ही आमच्या रिसेप्शनिस्ट." तो शब्द मला धड म्हणता येईपर्यंत आठवडा गेला. गावानं मात्र माझं बारसं त्याच दुपारी उरकलं — नंबरवाली!

नंबर म्हणजे काय, तर बाटल्या. त्या वेळी औषध म्हणजे मुख्यतः मिक्श्चर, आणि बाटली पेशंटनं घरून आणायची. लोक सकाळच्या एस.टी.नं उतरायचे, दवाखान्याच्या लांब ओट्यावर आपली बाटली ओळीत ठेवायचे आणि खुशाल कचेरीत, बाजारात नाहीतर चहाला जायचे. बाटली उभी म्हणजे माणूस उभा, असा रिवाज. खोबरेल तेलाच्या, गुलाबपाण्याच्या, काढ्याच्या... आणि कुठून आल्या ते विचारायचं नसतं अशा चपट्यासुद्धा. मी पहिली बाटली उचलून वर धरायची आणि ओरडायची, "ही कुणाची?" मालक जिथं असेल तिथून धावत यायचा. पुन्हापुन्हा ओरडूनही कुणी आलं नाही, तर ती बाटली बाजूला आणि मागचा आत.

ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. प्रत्येकाला घाई, प्रत्येकाचं दुखणं जगात मोठं. एखादे बागायतदार आप्पा जीपमधून उतरायचे आणि बाटली न ठेवताच सरळ आत निघायचे. मी दारात आडवी. "बसा आप्पा, बाटली ठेवा." "अगं, डाक्टरला सांग मी आलोय म्हणून!" "सांगते. तुमचा नंबर आला की." साप चावलेला, अडलेली बाई, रक्त वाहणारा माणूस — यांना आधी सोडायचं, हा डॉक्टरांचा हुकूम. बाकी कोण किती आजारी ते मी ओळखायचं. गडाबडा लोळणारा माणूस आत जाऊन ढेकर देऊन बाहेर यायचा आणि मुकाट बसलेली म्हातारी बाकावरच निळी पडायची. रात्री जेवताना ते चेहरे आठवायचे आणि घास फिरायचा.

पण या कामानं दिलंही खूप. हुरडा, पेरू, शेंगा तर यायच्याच. सुरुवातीला काही बायका बाटली माझ्या हातात द्यायच्या नाहीत, खाली ठेवायच्या आणि 'घे' म्हणायच्या. का, ते सांगायची गरज नाही. वर्ष सरायच्या आत त्यातलीच एक तापानं फणफणलेलं लेकरू माझ्या मांडीवर टाकून पाणी आणायला गेली. पगाराचा आनंद व्हायचाच, पण त्या दिवशी मी घरी जाऊन आईला मिठी मारली होती.

तर, ती बाटली.

हिरवट काचेची, बुटकी, आणि बूच म्हणून निळी चिंधी कोंबलेली. एका सकाळी ती ओळीत मधेच दिसली. नंबर आला, मी वर धरून ओरडले. कुणी आलं नाही. बाजूला ठेवली आणि तिच्यामागचे कवठे येमाईचे एक आबा आत गेले. साधा खोकला. जाता जाता माझी थट्टा करून गेले, "बाई, माझी चपटी बघून डाक्टर मलाच रागावलं की!" संध्याकाळी कळलं, आबा एस.टी. स्टँडवर बसल्या बसल्याच गेले. वाईट वाटलं, पण त्या बाटलीशी याचा संबंध जोडायचं माझ्या मनातही आलं नाही. बाटली बाजूला ठेवली होती तिथून नाहीशी झाली होती. मालक घेऊन गेला असेल, म्हटलं.

काही दिवसांनी ती परत ओळीत. पुन्हा कुणी आलं नाही. तिच्यामागं न्हावऱ्याची एक बाई होती, पोटात दुखतंय म्हणून आलेली. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा रडत आला.

तिसऱ्या वेळी मी ती ओळीत दिसताक्षणी उचलली आणि आतल्या कपाटात टाकली. तिच्यामागं बाटली ठेवलेला जवान गडी, हाताला गळू झालेला... त्याच आठवड्यात विहिरीवर पाय घसरून गेला. आणि कपाट उघडलं तर बाटली नाही!

आमचे कंपाउंडर नामदेवमामा. वयानं बाबांच्या एवढे, औषधं बनवायला सगळ्यांत जुने. त्यांना विचारलं, तर ते खल घासत राहिले.

"मामा, कुणाची हो ती बाटली?"

"मला न्हाई म्हाईत."

"तुम्ही पाहिलीय ना पण?"

"पाहिलीय. तुझ्या आदी हितं जी बाई व्हती, तिनं ती फोडली व्हती. ह्या माझ्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या येळंला परत हाय तिथं हाय." मग हळूच म्हणाले, "पोरी, तू आपलं वरडायचं आन् पुढं जायचं. इचार करू नगंस."

डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत, तेवढा त्यांचा चांगुलपणा. म्हणाले, "सुशीलाबाई, आपल्याकडे येतात तीच मुळात आजारी माणसं. त्यातली काही जाणारच. आपण फक्त जी लक्षात राहतात ती मोजतो." मला पटलं. खरंच पटलं! पण त्यानंतर रोज सकाळी ओट्याला वळसा घालून येताना मी आधी ओळीत निळं बूच शोधायची.

आणि मग आक्का आली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कमल. दौंडला दिलेली, भावजी रेल्वेत. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. त्या दुःखातून सावरायला तिला फार दिवस लागले. आता पुन्हा दिवस गेले होते, सातवा सरत आला होता आणि ती माहेरी आली होती. अंगावर सूज होती, डोकं ठणकत होतं. मी तिला म्हणाले होते, तू घरीच थांब, मी डॉक्टरांना दुपारी घेऊन येते. पण आक्का कसली ऐकतेय! मी आत लहान पोरांची वजनं करत होते तेवढ्यात ती आली, आपली बाटली रीतसर ओळीत ठेवून बाकावर बसली. नंबरवालीची बहीण म्हणून मधे घुसायची नाही, असा तिचा बाणा.

मी बाहेर आले आणि ओळ पाहिली. हिरवट बाटली, निळी चिंधी. तिच्यामागं आक्काची.

बाबा, दीक्षा, शाळा, सगळं बाजूला राहिलं. मी आक्काची बाटली उचलली आणि पुढं नेऊन ठेवली. आता निळ्या बुचाच्या मागं जी बाटली आली ती कुणाची, ते बघायला मान वळवली... तर कडेवर तान्हं घेऊन उभी असलेली एक कोवळी बाई. माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, ओळ पुढं सरकली.

मी आक्काची बाटली परत मागं ठेवली. कशी ठेवली ते माझं मला माहीत. बाकावरून आक्का म्हणाली, "काय गं सुशे, खेळतीस काय बाटल्यांशी?"

नंबर पुढं सरकत होते आणि मी नुसती त्या बाटलीकडे बघत होते. मग एक साधी गोष्ट मनात आली. आजवर आम्ही तिला बाजूला ठेवलं, कपाटात टाकलं, फोडलं. सगळं केलं. तिचा नंबर मात्र तिला कधी कुणी दिलाच नाही.

तिची पाळी आली. मी ती वर धरली. "ही कुणाची?" नेहमीप्रमाणे कुणी आलं नाही. ओट्यावर जीपवाले आप्पाही होतेच, ते खेकसले, "ठिव की बाजूला! दर खेपंला काय तमाशा?"

"थांबा आप्पा. यांचा नंबर आहे."

मी ओट्याच्या पायरीकडे वळले. तिथं कुणी नव्हतं, ऊन होतं फक्त. ज्या आवाजात सगळ्यांना विचारायची त्याच आवाजात विचारलं, "काय होतंय?" मी जरा वेळ थांबले, पेशंटला सांगायला जेवढा लागतो तेवढा. मग आत जाऊन बाटली नामदेवमामांपुढं ठेवली. "भरा."

मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. कुणालाच अपाय होणार नाही असं पोटाचं गुलाबी मिक्श्चर त्यांनी भरलं, डोसांच्या खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवली. मी बाटली पायरीवर ठेवली आणि म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ एकेक डोस. तीन दिवसांनी बाटली घेऊन या."

आप्पा म्हणाले, "पोरीला ऊन लागलंय."

पुढचा नंबर आक्काचा. डॉक्टरांनी तिचं ब्लड प्रेशर घेतलं, पुन्हा घेतलं आणि खुर्चीवरून उठलेच. आपल्या गाडीत घालून तिला स्वतः दौंडला घेऊन गेले. भावजींमुळे रेल्वेच्या दवाखान्यात तिची सोय होणार होती. मी मागं बसले होते, तिचं डोकं माझ्या मांडीवर. वाटेत तिला झटका आला. मी मोठमोठ्यानं रडत होते आणि डॉक्टर पुढून ओरडत होते, "कुशीवर ठेवा! जीभ सांभाळा!" त्या रस्त्याइतका लांब रस्ता मी आयुष्यात पाहिला नाही.

आक्का वाचली. मुलगी झाली, मूठभर होती, पण तीही वाचली. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आल्या म्हणून." बरोबरच आहे. योगायोग म्हणा. मीही तेच म्हणते.

परत आले तेव्हा पायरीवर बाटली नव्हती. मामा म्हणाले, "कुणी नेली दिसलं न्हाई." आणि सांगितलेल्या दिवशी ती ओळीत हजर होती. रिकामी, आतून स्वच्छ विसळलेली, पट्टी तशीच.

मग ते चालूच राहिलं. मी 'काय होतंय' विचारायची, थांबायची, मामा भरून द्यायचे. लोक हसायचे, मग सवय झाली. डॉक्टरांनी एकदा विचारलं, "किती दिवस चालणार हे?" मी म्हणाले, "बरं वाटेपर्यंत." तिच्यामागं उभं राहिलेलं कुणी त्यानंतर गेल्याचं मला कळलं नाही. भीती मात्र कमी झाली नाही. आणि एखाद्या दिवशी ताप येऊन मी घरी राहिले, तर जीव तिकडं लागायचा. कुणी बाजूला तर नाही ना ठेवली तिला?

माझं लग्न ठरलं त्या सुमाराची गोष्ट. सकाळी दवाखाना उघडला. ओट्यावर ओळ लागलेली, त्यात ती नव्हती. आत आले तर माझ्या टेबलावर होती. कुलूप मीच काढलं होतं.

निळी चिंधी काढून शेजारी नीट घडी करून ठेवलेली. बाटलीत औषध होतं. पट्टीच्या शेवटच्या दोन खाचांएवढं.

तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे माणूस गेलं की उरलेलं औषध लोक घरात ठेवत नाहीत, ओतूनही देत नाहीत. घरातलं कुणीतरी येतं, ओळीत उभं न राहता बाटली आणून टेबलावर ठेवतं. काही बोलत नाही. आपण समजायचं. न्हावऱ्याच्या त्या बाईच्या नवऱ्यानंही तशीच आणून ठेवली होती.

मामा दारातूनच म्हणाले, "गेलं वाटतं."

मी खुर्चीवर बसले. इतके दिवस मी समजत होते, जे आजारी आहे तेच ओळीत येऊन उभं राहतंय. पण गेलेलं माणूस आपली बाटली आपण आणून देत नाही. म्हणजे आजारी दुसरंच कुणीतरी होतं. घरी, कुठंतरी पडून. आणि हे जे इतके दिवस आमच्या ओट्यावर उन्हात येऊन उभं राहत होतं, ज्याला मी बाजूला ठेवलं, कपाटात कोंडलं, ते कुणाचं तरी औषध न्यायला येत होतं. मी आक्काला घेऊन गेले, तसं.

मला रडू आवरेना. अशा वेळी आम्ही जे म्हणतो तेच मी उभी राहून म्हणाले, "वाईट झालं. बसा. पाणी देऊ?"

समोरचा बाक करकरला.

मी पेला भरून बाकावर ठेवला आणि बाहेर येऊन पहिली बाटली वर धरली. दुपारी आत पाहिलं तेव्हा पेला रिकामा होता. ती बाटली त्यानंतर कधी आली नाही. कुणाचं कोण गेलं, मला आजही माहीत नाही.