तर्जुमानाच्या तोंडून

आमचे हे, कार्निक, तुर्कांच्या इझ्मिर शहरात एका परदेशी वकिलातीत तर्जुमान होते. तर्जुमा करतो तो तर्जुमान, म्हणजे दुभाषा. शब्द अरबांचा, आणि हे सांगायचे की त्यांच्याही आधी मातीच्या विटांवर लिहिणाऱ्या लोकांचा. गोऱ्या साहेबांच्या जिभेला तो वळेना, म्हणून त्यांनी त्याचा ‘ड्रागोमान’ करून टाकला. मान मोठा, पण तोंड दुसऱ्याचं. समोरचा ‘मी’ म्हणाला की ह्यांनीही ‘मी’च म्हणायचं, पदरचं काही घालायचं नाही, गाळायचं नाही. मी चिडवायची, “आता कोण बोलतंय, तुम्ही की साहेब?” हे हसायचे.

आमचा मुलगा वाहान बंदरावर अंजिरांच्या वखारीत होता. कॉफीच्या दुकानात एका खलाशाशी बाचाबाची झाली, पोटात सुरा बसला आणि पोरगं गेलं. खलाशी ह्यांच्याच वकिलातीच्या देशाचा. परदेशी माणसावर खटला चालवायचा तर त्याच्या वकिलातीचा तर्जुमान हजर हवा, नाहीतर निकालाला किंमत नाही. आणि ती भाषा येणारा गावात दुसरा कुणी नव्हता.

“तुम्ही जाऊ नका हो,” मी म्हटलं.

“नाही गेलो तर तो जहाजात बसून चालता होईल, शुशान.”

गेले. मी मागच्या बाकावर बसले. खलाशी मान खाली घालून पुटपुटला, आणि हे न्यायाधीशांना म्हणाले, “मी वाहानला सुरा मारला.”

हे त्याच आवाजात पुढे बोलत राहिले, “सुरा आधी त्याने काढला. मी तो हिसकावला. मला माझा जीव वाचवायचा होता.”

तेवढं गिळलं असतं तर कुणाला कळणार होतं? खलाशी फाशीतून सुटला, थोडी कैद झाली.

“ते सुऱ्याचं कशाला सांगितलंत?” घरी आल्यावर मी विचारलं.

“तो बोलला म्हणून.”

“बाप आहात ना तुम्ही?”

शेजारची ताकुही दारातून टोमणा मारून गेली, “भाड्याची जीभ, दुसरं काय.” ह्यांनी नोकरी सोडली. हळूहळू बोलणंच आटलं. पाच भाषा येणारा माणूस खिडकीशी मुका बसून राहायचा.

गेल्या थंडीत ताप चढला. मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते. माझा हात घट्ट धरून म्हणाले, “शुशान, मी नाही मारलं त्याला.”

“ठाऊक आहे हो मला,” मी म्हटलं.

पण तोवर हात सैल पडला होता.